म्हशीनं खाल्लेले अकरा आंबे

कुंदे, तुझ्या दहाव्याला कावळा आला नाही. हे आधीच सांगून टाकते. तुला कुठूनतरी कळणारच, आणि मग म्हणशील, वैनीनं लपवलं. आधीच माझ्या नावावर एक लपवणूक आहे. तिच्यात भर नको.

नदीवर तासभर सगळे उभे होते. भाताचा गोळा पानावर, आणि समोरच्या उंबरावर तीन कावळे, तिघेही पाठ करून. मग एकेक जण पुढे होऊन तुला शब्द द्यायला लागला. तुझे दादा, म्हणजे आमचे हे, म्हणाले, कुंदाची पुस्तकं शाळेला देऊ. कुणी म्हणालं, तिच्या मांजरीला सांभाळू. कावळे ढिम्म. आणि मला तुझाच आवाज ऐकू आला, अगदी कानाशी: "ज्येष्ठातले कावळे ते, वैनी. झाडाखाली सडक्या आंब्यांचा सडा पडलाय. भाताला कोण विचारतो?" मी फस्सकन हसले. दहाव्याच्या गोळ्यासमोर, सत्तरीची बाई. सगळ्या बायकांनी वळून पाहिलं. तुझ्यामुळे आयुष्यभर नको तिथं हसले, ते तू गेल्यावरही थांबलेलं नाही.

पुढे नदीवर मी काय केलं ते सांगते, पण रांगेनं सांगू दे. तूच म्हणायचीस, निरीक्षण आधी, निष्कर्ष मागून.

मी मुरबाडकडून या घरात आले तेव्हा एकोणीस वर्षांची होते आणि तू तेरा. माझ्या नवऱ्याची धाकटी बहीण, दोन वेण्या, गुडघ्याला कायम खरचटलेलं. पहिल्याच उन्हाळ्यात सासूबाईंनी अढी माझ्याकडे सोपवली. मागच्या अंधाऱ्या खोलीत भाताचा पेंढा पसरायचा, त्यावर कच्चे आंबे, त्यावर पुन्हा पेंढा, असे थर. आठ-दहा दिवसांत आंबा पिकतो. यात सांगण्यासारखं काय आहे, असं त्यांना वाटलं असेल. आणि यात विचारण्यासारखं काय आहे, असं मला वाटलं. सातवी पास, शाळेत स्वच्छतेचं पहिलं बक्षीस! इतक्या चांगल्या घरात चिकानं माखलेले, धुळकट आंबे ठेवायचे? मी तीनशे आंब्यांचे देठ मोडले, कारण ते टोचतात. मग एकेक आंबा ओल्या फडक्यानं पुसून चकचकीत केला आणि ओलाच पेंढ्यात निजवला. वर मनात म्हटलं, या लोकांना कुणी शिकवलंच नाही.

पाचव्या दिवशी वास सुटला. सासूबाईंनी पेंढा उचलला. प्रत्येक आंब्याला देठाकडून काळं वर्तुळ आणि त्यावर पांढरी लव. त्या ओरडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "मुरबाडला आंबे धुतात काय गो?" हे वाक्य पुढे चाळीस वर्षं या घरात मिठासारखं वापरलं गेलं.

मी गोठ्यामागे जाऊन रडत होते. तिथं तू आलीस. सडलेला एक आंबा दोन्ही हातांत, जणू नुकतं जन्मलेलं पोर. म्हणालीस, "वैनी, बघ ना, याला केस आलेत." शाळेतून मागून आणलेलं भिंग माझ्या डोळ्याला लावलंस. मला पळवून लावायचं होतं तुला, पण रडता रडता पाहिलं. आत टाचण्यांचं रान होतं, कुंदे. बारीक पांढऱ्या काड्या आणि प्रत्येकीला काळं डोकं. मी रडायची थांबले. तो आंबा तू बिस्किटाच्या डब्यात आठ दिवस पाळलास, आणि सासूबाईंनी डब्यासकट फेकला तेव्हा आंबे वाया गेले त्याहून जास्त रडलीस.

एम.एस्सी.चे पेढे वाटताना सगळ्यांना सांगत सुटलीस, माझी पहिली गुरू वैनी. लोकांना वाटलं केवढी नम्र मुलगी. मला एकटीला कळत होतं की तू माझी टर उडवते आहेस. पण खोटंही नव्हतं ते. बाकीच्यांच्या शिक्षणामागे आईबापांचे कष्ट असतात, तुझ्यामागे माझा मूर्खपणा होता.

मग तू शहरात प्रयोगशाळेत लागलीस. आटगाव स्टेशनावरून रेल्वेचा पास काढलास, पुढे कल्याणला खोली घेतलीस, आणि शनिवारी घरी. शनिवारी येऊन झोपायचं सोडून माझ्या मागे मागे. एकदा मी परसात मुळा पेरत होते. तू वाफ्याच्या कडेला उकिडवी बसलीस आणि विचारलंस, "वैनी, बी ओल्या मातीत पडतं. मातीत बुरशी तर नुसती भरलेली. बी म्हणजे तिला ताटात वाढलेलं जेवण. मग सगळं बी सडून का नाय जात?"

मी म्हटलं, देवाची कृपा. तू म्हणालीस, असेल, पण त्यातली थोडी सूक्ष्मदर्शकातून दिसते.

मग सांगत बसलीस. बियाचं साल तडकलं की ते आपल्याभोवती काहीतरी सोडतं. डाळीतलं प्रथिन म्हणजे लांबलचक माळ असते, तशीच ही, पण आखूड, चाळीस-पन्नास मण्यांची. त्याला पेप्टाइड म्हणायचं. मला तो शब्द पाठ व्हायला दोन शनिवार लागले. ही माळ बुरशीलाच कशी जाऊन चिकटते, असं मी विचारलं, तर माझ्याच केसांवर कंगवा घासून कागदाचे कपटे उचलून दाखवलेस. म्हणालीस, या माळेवर एका जातीची वीज, बुरशीच्या पेशीच्या पातळ कातडीवर उलट जातीची. म्हणून ओढ. चिकटल्या की एकीला दुसरी, दुसरीला तिसरी, अशा गोळा होतात आणि कातडीला भोक पाडतात. आतलं मीठपाणी बाहेर, बाहेरचं आत. काही माळा भोक न पाडता आत शिरून कारभार बिघडवतात, पण शेवट तोच.

"म्हणजे घागरीला भोक," मी म्हटलं.

"घागरीलाच. आणि ती भरायच्या आधी पाडायचं. बुरशीचं बी रुजायच्या आत गाठलं तर उपयोग. एकदा फळात मुळं गेली की माझी माळ बाहेर बसून काय करणार?"

मग मी माझा हुकमी सवाल टाकला, की आमच्या पोटातल्या कातडीला नाही का भोक पडणार? मला वाटलं, आता अडकली. तू उलट खूश झालीस. म्हणालीस, आपल्या पेशीची कातडी वेगळ्या बांधणीची, तिला या माळेची तेवढी ओढ नसते, आणि पोटात गेल्यावर डाळीसारखी पचतेही. पण प्रत्येक माळ तपासल्याशिवाय मी कुणाला खायला सांगणार नाही. तुझं हेच मला आवडायचं आणि याचाच राग यायचा. वाद जिंकत आलेली असतानाही पुढे एक "पण" ठेवायचीस.

मी गावभर सांगत सुटले, आमची कुंदा माळा करते. आणि एकदा, हळदीकुंकवाला, भरल्या घरात म्हणाले, सगळ्या माळा केल्या, तेवढी वरमाला राहिली. तेव्हा पन्नाशीला आलेली बाई होते मी, लहान नव्हते. सगळ्या हसल्या. तूही हसलीस, आणि उठून चहाचे कप धुवायला गेलीस. आज तो विनोद आठवला की माझंच तोंड मला आवडत नाही. माफी मागायची होती. दुसऱ्या दिवशी मागू म्हटलं. तो दुसरा दिवस अजून यायचा आहे.

आपलं खरं भांडण मात्र हाताचं होतं.

पहिल्या त्या फजितीनंतर मी अढी शिकले. देठ बोटभर राखायचा, चीक वाळू द्यायचा, पाणी दाखवायचं नाही. आणि रोज सकाळी तोंड धुतल्यावर पेंढ्यात कोपरापर्यंत हात घालून चाचपायचं. सडायला लागलेला आंबा गरम लागतो, बाकीच्यांपेक्षा किंचित. तो काढून म्हशीपुढे टाकायचा, कुणी उठायच्या आत. आमच्या अढीत सडका आंबा निघतो, हे घरातल्या माणसालाही कळता कामा नये. माझी सगळी अब्रू त्या पेंढ्याखाली होती. म्हणून मी तुला म्हणायची, तुझ्या बाटलीची गरज काय, माझा हात पुरे. आणि तू म्हणायचीस, "तुझा हात एका अढीला पुरतो, वैनी. गाडीभर आंबा बाजाराला जातो, त्यात कोण हात घालणार?" यावर मी फोडणी करायला घ्यायची.

आता ते वर्ष.

तुझ्या प्रयोगशाळेनं तुला प्रथमच काचेच्या बश्या सोडून घरगुती अढीवर प्रयोग करायची परवानगी दिली होती. तू किती आनंदात होतीस! दोन टोपल्या, प्रत्येकीत साठ आंबे. एकीतले साधे पाण्यात बुडवून वाळवलेले, दुसरीतले तुझ्या माळांच्या पाण्यात. दुसरीला लाल दोरा. बारा दिवस कुणी हात लावायचा नाही, बाराव्या दिवशी तुझे वरिष्ठ येऊन मोजणार. तू मला तीनदा बजावलंस आणि कामाला निघून गेलीस.

कुंदे, मी चार दिवस कळ काढली. पाचव्या दिवशी सकाळी हात आपोआप गेला. साध्या टोपलीत दोन गरम लागले. मी हात काढून घेतला. पण मग घरात वास येतोय असं वाटायला लागलं. शहरातून साहेब येणार, माझ्या अंगणात खुर्च्या मांडून बसणार, आणि माझ्या टोपलीतून सडके आंबे काढून मोजणार? सगळ्यांसमोर? मला सासूबाईंचं वाक्य ऐकू यायला लागलं, आणि त्यांना जाऊन तर दहा वर्षं झाली होती. बाराव्या दिवसापर्यंत मी साध्या टोपलीतून नऊ काढले आणि लाल दोऱ्याच्या टोपलीतून दोन. त्यांच्या जागी माझ्या अढीतले चांगले अकरा ठेवले. सडके म्हशीनं खाल्ले.

साहेब आले. दोन्ही टोपल्या आरशासारख्या. ते मोठ्यानं हसले आणि म्हणाले, बाई, तुमच्याकडे औषधाची गरजच दिसत नाही. मी पदर सावरून लाजले. लाजले, कुंदे! आणि तू वहीत लिहिलंस: साधे शून्य, लावलेले शून्य, फरक नाही. वही मिटून विहिरीकडे गेलीस, आणि बराच वेळ पाण्यात बघत उभी राहिलीस. मी आमरस वाढत होते.

त्यानंतर त्यांनी घरगुती अढीचं काम बंद केलं. काचेच्या बशीत चालतं, गावात चालत नाही, असा शेरा पडला. तू पुन्हा बश्यांकडे गेलीस आणि निवृत्त होईपर्यंत तिथंच राहिलीस. मी सांगेन म्हटलं. आधी तुझा राग येईल म्हणून नाही सांगितलं. मग तुला राग येत नाही, नुसतं वाईट वाटतं, हे आठवून नाही सांगितलं. मग इतकी वर्षं झाली की न सांगण्याचीच सवय झाली.

यंदा तू आजारी होऊन घरी आलीस, खिडकीजवळ खाट मागून घेतलीस. एक दिवस तुझ्या जुन्या विद्यार्थिनीनं बर्फात ठेवलेली बाटली पाठवली. तू सांगितलंस, आता या माळा बियांतून काढाव्या लागत नाहीत, यीस्टकडून करून घेतात. यीस्ट म्हणजे कोण, विचारलं तर म्हणालीस, बुरशीच्याच भावकीतली. मी म्हटलं, बरोबर आहे, बुरशीला मारायचं तर भावकीच हवी. तू इतकी हसलीस की कळ आली, आणि मी स्वतःला दोन दिवस बोल लावत राहिले.

मग तू पुन्हा दोन टोपल्या मांडायला लावल्यास. यंदा चाळीस-चाळीस आंबे, एकीला लाल दोरा. आणि वर गोणपाट घालून तू स्वतः दाभण घेऊन दोन्ही टोपल्यांची तोंडं शिवलीस. मी म्हटलं, शिवायचं कशाला, घरात काय उंदीर आहेत? तू दोरा दातानं तोडलास, माझ्याकडे बघितलंस आणि म्हणालीस, "एक आहे."

कळलं होतं का गो तुला? कधीपासून?

दुसऱ्या दिवशी दुपारी तुला पेज भरवताना मी धीर केला. म्हटलं, कुंदे, त्या वर्षीचं एक सांगायचं आहे. तू डोळे मिटूनच म्हणालीस, "अढीचं? बाराव्या दिवशी सांग. आत्ता सांगितलंस तर हात वळवळतील तुझे, आकडा बिघडेल."

तिसऱ्या दिवशी पहाटे तू गेलीस.

त्यानंतर घरानं आंबा सोडला. तुझ्या पानावर ठेवल्याशिवाय तोंडाला लावायचा नाही, असं तुझ्या दादांनी ठरवलं. मी रोज सकाळी मागच्या खोलीच्या दारापर्यंत जायची. वास यायला लागला होता. एकदा विळी हातात घेतली, गोणपाटाचा एक टाका तोडलाही. मग तिथंच बसले आणि तोच टाका पुन्हा घातला. तुझ्यासाठी मी केलेली सगळ्यात अवघड गोष्ट हीच, कुंदे. औषधपाणी, उठवणं-बसवणं काहीच नव्हतं त्यापुढे. हात न घालणं.

तुझा दहावा आणि टोपल्यांचा बारावा एकाच दिवशी आला. नदीवर सगळ्यांची वचनं संपली, कावळे तसेच. तेव्हा मी पुढे झाले आणि सगळ्यांसमोर मोठ्यानं म्हणाले, "कुंदे, त्या वर्षी साध्यातले नऊ आणि लाल दोऱ्यातले दोन मी काढले होते. तुझं औषध चालत होतं गो."

लोकांना वाटलं, म्हातारीच्या डोक्यावर परिणाम झाला. फक्त तुझे दादा हळूच म्हणाले, "मला ठाऊक हाय. म्हैस दोन दिस दूध देत नव्हती." इतकी वर्षं हा माणूस माझ्या शेजारी बसून जेवला, आणि एक शब्द नाही! लपवणं या घराच्या पाण्यातच असावं.

आणि तरी कावळा आला नाही. मला वाटलं होतं येईल. एवढं सगळ्यांदेखत बोलले, आता तरी. शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा करून गोळ्याला लावला आणि सगळे अंघोळीला गेले. मी तिथंच उभी राहिले तेव्हा ध्यानात आलं. माझ्या नुसत्या बोलण्यावर तू कशाला समाधानी होशील? तुला मोजलेलं हवं.

घरी आल्याबरोबर टोपल्या अंगणात आणल्या. सगळ्यांसमोर, दिवसाउजेडी, खुर्च्या मांडून. विळीनं टाके तोडले. साध्या टोपलीत चाळीसपैकी चौदा सडलेले. लाल दोऱ्याच्या टोपलीत पाच. आणि त्या पाचांना सालीवर कुठे डाग नव्हता, पाचही देठाकडून गेले होते. मोहरातच आत शिरून बसलेली बुरशी ती, फळ पिकल्यावर जागी होणारी. तिला तुझी माळ पोचत नाही, हे तूच सांगितलं होतंस. म्हणजे तू जिंकलीस, पण माझा हातही अगदीच टाकाऊ ठरला नाही. या पाचांसाठी तो लागेल. तू असतीस तर इथं अजून एक "पण" टाकला असतास. दोन टोपल्यांवरून काही ठरत नाही, असं. ठाऊक आहे मला. पुढच्या वर्षी चार मांडणार आहे. तुझ्या विद्यार्थिनीला कळवलंय.

माझ्या अढीतले एकोणीस सडके आंबे सगळ्या शेजारानं पाहिले. मला वाटलं होतं, मरण येईल. कुणी नीट बघितलंसुद्धा नाही, सगळ्यांचं लक्ष चांगल्या आंब्यांकडे होतं.

मग तुझी जुनी वही काढली. ते पान सापडलं: साधे शून्य, लावलेले शून्य. मी दोन्ही शून्यांवर रेघ मारली. वर लिहिलं, नऊ आणि दोन. खाली यंदाचे लिहिले, चौदा आणि पाच. तू प्रत्येक पानावर खाली एक जागा आखून ठेवायचीस, निरीक्षकाची सही म्हणून. त्या पानावर ती रिकामी होती. त्या वर्षी तू सही का केली नव्हतीस, कुंदे? मी तिथं माझं पूर्ण नाव लिहिलं, माहेरच्यासकट.

सडके आंबे मागच्या परड्यात नेऊन टाकले. म्हशीला नाही दिले. हात धुऊन वळले तर उंबरावरचेच असावेत, तीन कावळे उतरले होते. एकानं चोच घातली.

कुठल्या टोपलीतल्या आंब्याला घातली, ते मोजलं नाही. तेवढं तू बघ.